‘आहे’ला मधे आणायचं: प्राथमिकच्या मुलांना लिंकिंग व्हर्ब कसं शिकवायचं

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवत असाल तर ही दोन वाक्यं तुमच्या कानावर रोज पडत असणार. एक, ‘माय सिस्टर टॉल’. दुसरं, ‘आय ॲम लाइक मँगो’. म्हणजे जिथं ॲम-इज-आर पाहिजे तिथं नाही आणि जिथं नको तिथं मात्र आलंय. आणि हेच मूल रिकाम्या जागा भरायला दिल्या की दहापैकी दहा मार्क घेतं. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे चौथीतलं मूल चार वर्षं ‘आय ॲम अ बॉय, शी इज अ गर्ल’ म्हणत आलेलं असतं, तरी स्वतःहून बोलायला लागलं की तिथंच अडतं. मला बरीच वर्षं वाटायचं की सराव कमी पडतोय, म्हणून मी तक्ता अजून मोठा करून भिंतीवर लावायचे. सरावाचा प्रश्न नव्हता. मूल मराठीतनं अगदी नियमाने चालत येतं आणि आपण ते कुठून आलंय हे बघतच नाही, असं मला आता पक्कं वाटतं, आणि खालचं सगळं त्याच अंगाने लिहिलंय.

आधी आपल्यापुरतं एकदा स्पष्ट करून घेऊ. ‘द गर्ल रन्स’ म्हटलं की मुलगी काहीतरी करतेय. ‘द गर्ल इज हॅपी’ म्हटलं की ती काही करत नाही, ती कशी आहे ते आपण सांगतोय, आणि इज फक्त ‘गर्ल’ला ‘हॅपी’शी जोडतंय. हे जोडणारं ते लिंकिंग व्हर्ब. ॲम, इज, आर, वॉज, वेअर ही त्यातली रोजची, आणि मग लुक, फील, टेस्ट, स्मेल, साउंड, सीम, बिकम ही पुढची. मुलांना ही व्याख्या अजिबात सांगू नका, तिसरी-चौथीच्या मुलाला ‘लिंकिंग व्हर्ब’ हा शब्द माहीत नसला तरी काही बिघडत नाही.

सुरुवात मराठीपासून करा

पहिला तास पूर्ण मराठीत घ्या. मुलांना विचारा, तुमच्या घरी ‘आहे’ला काय म्हणतात? आमच्याकडे निम्मी पोरं ‘हाय’ म्हणतात. खानदेशात अहिराणी बोलणारं मूल ‘शे’ म्हणेल, मालवणी घरातलं ‘आसा’ म्हणेल. हे सगळं फळ्यावर लिहा, कुठलंही चुकीचं म्हणू नका. मुलांच्या लक्षात येतं की हा एक छोटा शब्द आहे, तो सगळीकडे आहे आणि तो बदलतो: मी आहे, तू आहेस, आम्ही आहोत, तुम्ही आहात, ते आहेत. मराठीत पाच रूपं न चुकता वापरणाऱ्या मुलाला इंग्रजीतली तीन जड जायचं काही कारण नाही, आणि हे त्यांना तोंडावर सांगा, त्यांना फार बरं वाटतं.

मग फळ्यावर दोन-तीन अशी वाक्यं लिहा की ज्यात ‘आहे’ नाहीच. ‘माझं नाव आरती.’ ‘ही माझी बहीण.’ ‘हा आमचा वाडा.’ विचारा, ‘आहे’ कुठं गेलं? पोरं म्हणतात, बाई, ते मनातल्या मनात आहे. बरोबर. मराठीत ते मनात ठेवलं तरी चालतं, इंग्रजीत तोंडाने म्हणावंच लागतं. ‘माय नेम आरती’ कुठून येतं ते इथं उघड होतं. तसंच ‘ती उंच नाही’ यात ‘आहे’ कुठं दिसतं का बघा, ‘नाही’ने ते पोटात घेतलंय, म्हणून मूल ‘शी नॉट टॉल’ म्हणतं. त्याच्या हिशोबाने वाक्य पूर्ण झालेलं असतं.

पहिली पायरी: नामं नको, विशेषणं आधी

आपण सगळे ‘आय ॲम अ बॉय’ने सुरुवात करतो. माझं म्हणणं आहे की ते सोडा. त्यात एकाच वेळी दोन नव्या गोष्टी येतात, एक ॲम आणि एक तो ‘अ’, आणि मराठीत ‘अ’सारखं काहीच नाही. शिवाय मुलग्याने आपण मुलगा आहोत हे कुणाला सांगायचं असतं? सांगण्यासारखं काही नसलं की मूल पोपटासारखं म्हणतं. त्याऐवजी ‘आय ॲम हंग्री’ घ्या, जेवणाच्या सुट्टीच्या आधीच्या तासाला घ्या, खिचडीचा वास यायला लागलेला असतो तेव्हा. खेळाच्या तासानंतर ‘आय ॲम टायर्ड’. पावसात भिजून आले की ‘आय ॲम वेट’. ‘अ’ मधे येतच नाही.

पहिला आठवडा फक्त आय, ही, शी. शब्द आठच: हॅपी, सॅड, हंग्री, थर्स्टी, टायर्ड, स्लीपी, अँग्री, टॉल. रोज दहा-पंधरा मिनिटं, लिहायचं काही नाही. एक मूल पुढं येऊन चेहरा करून दाखवतं, वर्ग म्हणतो ‘शी इज अँग्री’, आणि मग ते मूल स्वतः म्हणतं ‘आय ॲम अँग्री’. हा उलटा भाग वगळू नका, नाहीतर मुलाला स्वतःबद्दल ‘इज’ म्हणायची सवय लागते.

एक काळजी घ्या, ‘आय ॲम’ हे घाईघाईत ‘आयॅम’ असं एक शब्द करून म्हणू नका. मुलाच्या कानाला ‘आयॅम’ म्हणजे ‘मी’ असंच ऐकू जातं, आणि मग त्याच्यासाठी ‘मी’चं इंग्रजी आयॅम. ‘आय ॲम लाइक मँगो’, ‘आय ॲम गो टू स्कूल’ वगैरे जी सगळी वाक्यं आहेत, ती इथून जन्माला येतात असं मी ठामपणे म्हणेन, कारण ‘मला आंबा आवडतो’ यात मराठीत ‘आहे’ नाहीच, मग ॲम आलं कुठून? आपणच पहिलीत चिकटवलेलं असतं.

दुसरी पायरी: आगगाडी

सगळ्या लेखात एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

जुन्या लग्नपत्रिका गोळा करा, कागद जाड असतो आणि मागची बाजू कोरी. त्याच्या पट्ट्या कापून जाड स्केचपेनने शब्द लिहा. ती, आनंदी, आहे. दुसऱ्या बाजूला शी, हॅपी, इज. तीन मुलांना पट्ट्या देऊन मराठी बाजू वर्गाकडे धरून उभं करा: ती – आनंदी – आहे. ‘आहे’वालं मूल शेवटी उभं, गाडीच्या गार्डसारखं. आता म्हणा, ही गाडी इंग्रजी गावाला चाललीय. तिघांनी पट्ट्या उलटायच्या. समोर दिसतं शी – हॅपी – इज. वर्गाला विचारा, बरोबर आहे का? आणि मग ‘इज’वाल्याला सांगा, तू इथं गार्ड नाहीस, तू कडी आहेस, डबे जोडणारी. ते मूल शेवटून पळत येऊन मधे घुसतं आणि दोन्ही हातांनी दोघांचे हात धरतं. शी – इज – हॅपी.

माझ्या वर्गात दुसरीतली एक बुटकी, गप्प बसणारी मुलगी ‘इज’ झाली होती. ती मधे आली, दोघांचे हात पकडले आणि मी म्हटलं आता सोड बरं हात. तिने सोडले आणि दोन्ही बाजूची पोरं मुद्दाम लांब लांब चालत गेली, वर्ग ओरडला, बाई गाडी तुटली! त्यानंतर कुणी ‘शी हॅपी’ म्हटलं की कुणीतरी पोरगं लगेच म्हणायचं ‘तुटली, तुटली’, मला सांगावंच लागायचं नाही.

हा पळण्याचा भाग महत्त्वाचा आहे, नुसत्या पट्ट्या फळ्यावर लावून तो परिणाम येत नाही. ‘आहे’ शेवटून मधे येतं हे अंगाने कळायला पाहिजे. प्रत्येक मुलाला एकदा तरी ‘इज’ व्हायला मिळू द्या. तीन-चार दिवसांनी आय आणि ॲमची जोडी घ्या, मग दे, वी, यू आणि आर. इथं एक चांगली बातमी मुलांना द्या: तू आणि तुम्ही दोघांनाही यूच, आम्ही आणि आपण दोघांनाही वीच.

पट्ट्या टाकून देऊ नका, वर्गात एक सुतळी बांधा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी त्या तिथं लटकवा. मधल्या सुट्टीत पोरं आपापली वाक्यं लावत बसतात, त्यातली निम्मी एकमेकांना चिडवायची असतात, पण असू द्या, वाक्य पूर्ण आहे ना एवढंच बघा.

तिसरी पायरी: ‘अ’, आणि बाबांचा मान

आता नामं. टीचर, फार्मर, ड्रायव्हर, डॉक्टर. पट्टीवरच ‘अ फार्मर’ असं एकत्र लिहा, ‘अ’ची वेगळी पट्टी करू नका, म्हणजे मुलाला तो शब्दाचाच भाग वाटतो. नियम नंतर. हे करताना काही दिवस ‘आय ॲम अ हॅपी’ ऐकू येईल, कारण ‘अ’ सापडला की मूल तो सगळीकडे लावतं. घाबरू नका, विशेषणाच्या पट्ट्या आणि नामाच्या पट्ट्या दोन रंगांत करा, पिवळ्याला ‘अ’ आहे, पांढऱ्याला नाही, एवढंच.

आणि इथं एक चूक येते जी मी कित्येक वर्षं चुकीची वाचली. एका मुलाने लिहिलं, ‘माय फादर आर अ फार्मर’. मी लाल शाईने आर खोडून इज केलं, त्याने पुढच्या वेळी परत आर. तिसऱ्यांदा मी चिडून विचारलं, अरे बाबा किती आहेत तुला? तो म्हणाला, ‘एकच, पण बाबा शेतकरी आहेत असंच म्हणतात ना, बाई, आहे कसं म्हणणार?’ तेव्हा मला कळलं की पोरगं बापाला मान देत होतं. ‘आई घरी आहे’ पण ‘बाबा शेतात आहेत’, ‘सर ऑफिसात आहेत’. आदरार्थी बहुवचन मुलाच्या हाडात असतं आणि ते इंग्रजीत सांडतं. ते मुलांना सरळ सांगायचं: इंग्रजी क्रियापदाने मान देत नाही, ती फक्त मोजते. एक माणूस असला की इज, मग तो बाप असो, गुरुजी असो नाहीतर राष्ट्रपती. मान द्यायला त्यांच्याकडे सर, मॅडम, प्लीज असे वेगळे शब्द आहेत.

मोजण्याचीच अजून एक गल्ली आहे, चटकन सांगते. आपण ‘केस काळे आहेत’, ‘पैसे आहेत’ म्हणतो, तिकडे हेअर इज, मनी इज. आणि ‘चष्मा नवा आहे’ला ग्लासेस आर. चौथी-पाचवीत आलं की तेव्हाच घ्या, आधी नको.

चौथी पायरी: ‘मला’चे तीन डबे

या पायरीला पूर्ण एक आठवडा द्या, खरं म्हणजे दोन द्या. मराठीत आपल्या शरीराला, मनाला जे होतं ते ‘मी’ने नाही, ‘मला’ने सुरू होतं. मला भूक लागली, मला झोप आली, मला राग आला, मला थंडी वाजते. यात कुठंही ‘मी’ नाही आणि ‘आहे’ पण नाही, आणि इंग्रजीत मात्र आय ॲम हंग्री, आय ॲम स्लीपी, आय ॲम अँग्री, आय ॲम कोल्ड. दुसरीकडे ‘मला दोन भाऊ आहेत’ यात ‘आहे’ ढळढळीत आहे, तर तिथं इंग्रजीत ॲम चालत नाही. ‘आय ॲम टू ब्रदर्स’ म्हणणाऱ्या मुलाने शब्दशः बरोबरच केलेलं असतं.

तीन रिकामे खोके घ्या, बुटांचे चालतील. एकावर आय ॲम, दुसऱ्यावर आय हॅव, तिसऱ्यावर आय लाइक. चिठ्ठ्यांवर मराठी वाक्यं लिहा, सगळी ‘मला’ची किंवा ‘माझ्याकडे’ची. मूल चिठ्ठी उचलतं, मोठ्याने वाचतं आणि ठरवतं कुठल्या खोक्यात. ठरवायचा प्रश्न असा शिकवा: मी आत्ता कसा झालोय? भुकेला, तहानलेला, झोपाळू, रागावलेला, घाबरलेला, असं एक शब्दात म्हणता आलं की आय ॲम. माझ्यापाशी काहीतरी आहे, भाऊ, पेन, सायकल, की आय हॅव. आवडतं की आय लाइक.

वाद होतो, होऊ द्या. ‘मला ताप आहे’वर हमखास होतो. अर्धा वर्ग म्हणतो ताप म्हणजे मी आजारी आहे, म्हणून आय ॲम. इथं सांगा की ताप ही इंग्रजांच्या लेखी जवळ असलेली वस्तू आहे, आय हॅव अ फीव्हर, पण ‘आजारी’ म्हटलंस तर आय ॲम सिक. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवा. हा खेळ आठवड्यातून एकदा वर्षभर चालू ठेवला तरी कंटाळा येत नाही, चिठ्ठ्या तेवढ्या बदलत राहा.

पाचवी पायरी: प्रश्न आणि नकार, परत आगगाडीच

नवीन काही करायचं नाही. शी – इज – हॅपी उभी करा. नकार पाहिजे तर ‘नॉट’ची पट्टी घेतलेलं मूल इजच्या लगेच मागं उभं राहतं. शी इज नॉट हॅपी. इज जागचं हलत नाही, हे दोनदा दाखवा.

प्रश्नाला मात्र इज पळतं, थेट पुढं, इंजिन होतं. इज – शी – हॅपी? मराठीत आपण शेवटी ‘का’ लावतो किंवा नुसता आवाज चढवतो, ‘ती आनंदी आहे?’, म्हणून पोरं ‘शी इज हॅपी?’ असं सूर लावून विचारतात. तोंडी बोलताना मी ते लगेच तोडत नाही, समोरच्याला कळतंय, पण लिहिताना इजला पुढं पळवायलाच लावते. म्हणजे बघा, मराठीत शेवटी, इंग्रजीत मधे, प्रश्नात पुढं. तीन जागा आणि एकच धावणारं मूल.

सहावी पायरी: वॉज, वेअर हजेरीत शिकवा

याला वेगळा तास लागत नाही. काल गैरहजर असलेल्या मुलाला हजेरीच्या वेळी विचारा, ‘व्हाय वेअर यू ॲबसेंट येस्टर्डे?’ त्याने ‘आय वॉज सिक’ किंवा ‘आय वॉज ॲट माय आजीज हाउस’ म्हणायचं, आजी आजीच राहू द्या. ऊसतोडीच्या, भात लावणीच्या दिवसात गैरहजेरी भरपूर असते, तेव्हा हा सराव आपोआप भरपूर होतो. ॲम आणि इजचं वॉज, आरचं वेअर, फळ्याच्या कोपऱ्यात बाण काढून वर्षभर ठेवा.

सातवी पायरी: चव, वास, स्पर्श

ही चौथी-पाचवीची पायरी आणि मुलांची सगळ्यात आवडती. एका ताटात गूळ, चिंच, मीठ, कडू कारल्याची चकती. डोळे बांधून मूल एक कण चाखतं आणि म्हणतं ‘इट टेस्ट्स स्वीट’, ‘इट टेस्ट्स सावर’. कुणाला कशाची ॲलर्जी आहे का ते आधी विचारून घ्या आणि हात धुवायला लावा. मग कापूस, वाळू, खडबडीत दगड, ‘इट फील्स सॉफ्ट’. मग कांदा, अबोलीला वास नसतो म्हणून मोगरा, अगरबत्ती, ‘इट स्मेल्स नाइस’.

इथं मराठी आपल्या मदतीला येते. चिंच आंबट ‘लागते’, कापूस मऊ ‘लागतो’, बाळ खुश ‘दिसतं’, बरं ‘वाटतं’. ‘दिसणे’ आणि ‘बघणे’ हे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत दोन्हीला लुकच. ‘द बेबी लुक्स हॅपी’ म्हणजे दिसतं, ‘द बेबी लुक्स ॲट द मून’ म्हणजे बघतं. तसंच ‘लागणे’ आणि ‘चाखणे’ दोन्हीला टेस्ट, ‘वास येणे’ आणि ‘हुंगणे’ दोन्हीला स्मेल. मुलाला मराठी शब्द निवडायला सांगितलं की त्याला फरक लगेच कळतो, व्याकरणाचं नाव घ्यावं लागत नाही.

ताळा करायचा असेल तर त्या जागी इज ठेवून बघायचं. ‘द सूप टेस्ट्स गुड’, ‘द सूप इज गुड’, चाललं, म्हणजे ती कडी. ‘मदर टेस्ट्स द सूप’, ‘मदर इज द सूप’, आणि वर्ग हसून हसून लोळतो. ‘द डॉग स्मेल्स द रोटी’ला पण हेच करा. एकदा ‘आई म्हणजे सूप’ झालं की तो ताळा मुलं विसरत नाहीत.

दोन चुका इथं येतात. एक, टेस्ट्स, लुक्समधला शेवटचा ‘स’ गळतो, तो वेगळा सराव आहे, एका वेळी एकच दुरुस्त करा. दुसरी चूक हुशार मुलांची: ‘इट स्मेल्स स्वीटली’. म्हणा, जिथं इज चालतो तिथं ‘ली’ नको, ‘इट इज स्वीटली’ म्हणशील का?

चूक दुरुस्त करताना

बोलणाऱ्या मुलाला मधेच थांबवू नका. मी दोन्ही तर्जन्या एकमेकींत अडकवून कडीसारख्या समोर धरते, बस. मूल बघतं, थांबतं, ‘माय मदर… इज अ टीचर’ म्हणून पुढं जातं. नाही लक्षात आलं तर आपण तेच वाक्य नीट करून उत्तरात परत द्यायचं, ‘ओ, युअर मदर इज अ टीचर! अँड युअर आजी?’

आणि मूल्यमापन. रिकाम्या जागेचा प्रश्न ठेवायचा तर ठेवा, शिष्यवृत्तीच्या तयारीला लागतोच, पण त्यावरून मुलाला येतं असं मानू नका. ती रेघ स्वतःच सांगत असते की इथं काहीतरी आहे, आणि आपली मुलं चुकतात ती नेमकी रेघ नसते तेव्हा. त्याऐवजी रेघ न काढता पाच-सहा वाक्यं द्या, काही धड, काही तुटलेली, काहींत जास्तीचं ॲम घुसवलेलं. ‘माय ब्रदर टॉल.’ ‘आय ॲम लाइक मिल्क.’ ‘वी आर हंग्री.’ मुलाने कुठं गाडी तुटलीय तिथं कडीची खूण करायची आणि कुठं फुकटची कडी आहे ती खोडायची. तोंडी परीक्षेला घरच्या माणसाचा फोटो नाहीतर चित्र आणायला सांगा आणि एक मिनिट बोलू द्या, तुम्ही फक्त कागदावर मोजा: किती ठिकाणी कडी पाहिजे होती, किती ठिकाणी आली. महिन्याने परत तेच मोजा. टाचणात दोन आकडे लिहून ठेवले की पुढच्या इयत्तेच्या बाईंना पण कळतं की या मुलाला कुठून धरायचं.